पहिला नारळ कुणाचा?

एका जंगलात, मुलांनो, एक सायाळ शिकून परत आली. तिचं नाव केतकी.

तुम्ही शाळेला चालत जाता आणि कुरकुर करता. केतकी सात डोंगर ओलांडून गेली होती. तिकडे एक मोठी न्यायशाळा होती. तिथे ती जमिनीचा कायदा शिकली. कुणाच्या बिळावर कुणाचा हक्क, कुणाच्या झाडाला कुणी हात लावायचा, वाट कुठून द्यायची आणि कुठून नाही, हे सगळं तिला तोंडपाठ होतं. त्यातला पहिला नियम तर तिला इतका आवडला होता की झोपेतही ती तो पुटपुटायची. तो नियम असा: ‘ज्याची जमीन, त्याला आधी विचारा.’

तिथेच एके दिवशी कावळ्याने निरोप आणला. तिच्या जंगलात उजेड मंडळ आलं होतं. काजवदरीपासून सिंहमहाराजांच्या गुहेपर्यंत एक लाइन जाणार होती. उंच बांबूचे खांब, त्यांवर ताणलेली वेल, आणि वेलीवर शेपटीला तोंड लावून बसलेले काजवे. महाराजांना अंधारात स्वतःची आयाळ दिसत नसे. त्यामुळे राज्यकारभार अडला होता.

आणि ती लाइन केतकीच्या बापाच्या, म्हणजे अण्णा सायाळ यांच्या, मोहाच्या झाडावरून जाणार होती.

केतकीचे काटे उभे राहिले. ती तशीच निघाली.

वाटभर तिने मनात चित्र रंगवलं. जंगल भेदरलेलं असेल. ससे बिळाच्या तोंडाशी बसून डोळे पुसत असतील. अण्णा मोहाच्या झाडाला मिठी मारून उभे असतील. (सायाळीने मारलेली मिठी झाडाला फारशी आवडत नाही. पण प्रसंगच तसा होता.) मग ती टेकडीवरून उतरेल. कुणीतरी ओरडेल, “आली गं बाई, आपली केतकी आली!” आणि मग ती त्यांना पहिला नियम सांगेल.

ती टेकडीवरून उतरली. कुणी ओरडलं नाही. ढोलाच्या आवाजात ऐकूच गेलं नसतं.

जंगलात तोरणं लागली होती. माकडं ताशाचा सराव करत होती. पाणवठ्यावर सडा पडला होता, रांगोळी निघाली होती. भेदरलेले ससे न्हाऊनमाखून कान वाळवत बसले होते.

आणि अण्णा झाडाला मिठी मारून उभे नव्हते. ते झाडाखाली नारळांच्या ढिगात बसून एकेक नारळ सोलत होते आणि गुणगुणत होते.

जंगलात नारळ कुठून आले, असं विचारू नका. जिथे उद्घाटन असतं तिथे नारळ येतोच.

“आलीस?” अण्णा म्हणाले. “वेळेवर आलीस. जेवलीस का? तो मोठा नारळ तेवढा बाजूला ठेव. तो आपला आहे.”

“अण्णा, आपलं झाड तोडणार आहेत!”

“हो तर. उद्या. आज संध्याकाळी नारळ, उद्या झाड. आधी नारळ फुटल्याशिवाय कसं तोडतील? रीत आहे की नाही काही?”

आता ही रीत तुम्हाला सांगायला हवी. त्या जंगलात नव्या कामाचा नारळ ज्याने फोडला, त्याने ते काम मान्य केलं असं धरत. मग त्याने पुढे कुरकुर करायची नाही. पूर्वी कुणीतरी पाणवठा खणला, नारळ फोडला, आणि दुसऱ्याच दिवशी म्हणाला, ‘पाणी माझ्या दारात फार येतं.’ तेव्हापासून ही रीत पडली. पाणवठ्यासाठी ती चांगलीच होती.

केतकी धावत पाणवठ्यावर गेली. एका दगडावर चढली. तिने न्यायशाळेत शिकवल्याप्रमाणे घसा साफ केला.

“बंधुभगिनींनो! तुमच्या जमिनीवरून लाइन जाते आहे. तुम्हाला कुणी विचारलं का?”

“विचारलं की,” ससा म्हणाला.

केतकी थबकली. “काय विचारलं?”

“नारळ उजव्या पायाने फोडणार की डाव्या, ते विचारलं. फार अदबीने विचारलं हो. मंडळाचे बगळेसाहेब खास स्वतः आले होते.”

“तसं नाही! जमीन द्यायची की नाही, ते विचारलं का?”

“घ्या! नारळ दारात आलाय आणि नाही म्हणायचं? आपल्यात असं असतं का?”

“मला नाही विचारलं,” मागून एक जाडाभरडा आवाज आला. ती घोरपडमावशी होती. ती दगडाला जन्मभर चिकटून बसलेली असे आणि मताला त्याहून जास्त.

“शाबास, मावशी!” केतकीचा चेहरा फुलला. “बघा, मावशींना नाही विचारलं!”

“तेच म्हणते मी,” मावशी म्हणाली. “लाइन माझ्या शेजारून जाते. सशाच्या दारात खांब, सायाळीच्या दारात खांब, त्या घुशीच्यासुद्धा दारात खांब! माझ्या बिळानं काय घोडं मारलंय? एवढी शिकलीस ना, मग जा आणि त्या बगळ्याला सांग, एक खांब इकडे सरकव म्हणावं.”

“मलाही नाही खांब,” मुंगूस म्हणालं.

“माझ्यावरून तर वेलसुद्धा जात नाही,” कासव म्हणालं.

मग सगळेच बोलू लागले. दगडावर कुणी उभं आहे हे ते विसरले. केतकी खाली उतरली तेव्हा एका माकडाने तिला विचारलं, “ताई, तुम्ही सूत्रसंचालन करणार का? तुमचा आवाज चांगला आहे.”

केतकी तडक ओढ्याकडे गेली. उजेड मंडळाचे बगळेसाहेब तिथे एका पायावर उभे होते. पांढरेशुभ्र. अंगावर डाग नाही. शेजारच्या दगडावर त्यांचा मोजणीदार सरडा बसला होता. तुम्ही ऐकलंच असेल, सरड्याची धाव कुंपणापर्यंत. या सरड्याला मंडळाने कुंपणाच्या आत जायचा परवाना दिला होता.

“या, या, केतकीताई,” बगळेसाहेब म्हणाले. “तुमच्याबद्दल ऐकलंय. जंगलाचं नाव काढलंत. बसा.”

“मला बसायचं नाही. तुम्ही आमची जमीन घेताय.”

“छे छे! कोण म्हणालं? जमीन तुमचीच. कायमची तुमची. आम्ही फक्त वरून जाणार. हवेचा कुठे सातबारा असतो का, ताई?”

“मग मोहाचं झाड का तोडताय?”

“ते जमिनीवर उभं आहे, कबूल. पण हवेत किती आत शिरलंय, पाहिलंत ना? पान लागलं की काजवा तिथेच उतरतो आणि झोपतो. मग महाराज अंधारात.”

“आणि आमचं बीळ?”

“बीळ ठेवा की! खुशाल ठेवा. फक्त वर मातीचा ढीग करायचा नाही. खाली नाचायचं नाही. आणि काटे उभारायचे नाहीत.”

“काटे उभारायचे नाहीत?” केतकी म्हणाली आणि तिचे सगळे काटे उभे राहिले.

“हे पाहा, हे असं. काजवे दचकतात.”

“म्हणजे सायाळीने स्वतःच्या दारात काटे उभारायचे नाहीत?”

“बाकी जमीन तुमचीच,” बगळेसाहेब मायेने म्हणाले.

केतकीने मोठा श्वास घेतला. “कायदा म्हणतो, मालकाला आधी विचारलं पाहिजे.”

“फार सुंदर कायदा आहे. पण त्याहून सुंदर तुमची रीत. मी इथे आल्यापासून तिचाच अभ्यास करतोय. कायद्यात विचारावं लागतं. विचारलं की लोक विचार करतात. रीतीत नुसता नारळ हातात द्यायचा. किती सुटसुटीत!”

“लाइन सरळ जाते ना?”

“एकदम सरळ. नाकासमोर.”

“मग रेडेपाटलांच्या डबक्यापाशी तुमच्या खुंट्यांची रेष वाकडी का होते? तिथे वळसा घेते, म्हणून तर ती आमच्या मोहावर येते.”

सरडा हिरव्याचा पिवळा झाला. पिवळ्याचा तपकिरी झाला. मग म्हणाला, “तांत्रिक कारण.”

“तांत्रिक,” बगळेसाहेब म्हणाले. “तुम्ही हुशार आहात, ताई. मंडळात एक जागा आहे. जमीनमालक समाधान अधिकारी.”

“काम काय असतं?”

“समाधान.”

केतकी पाय आपटत परत निघाली.

ऊन कलायला लागलं होतं. अण्णा अजून सोलतच होते. जंगलात कुठलंही काम निघो, नारळ सोलायला अण्णांकडे येत. सायाळीच्या दातांसारखे दात कुणाचे? सोनं ठेवावं तसे ते सोललेले नारळ ओळीने मांडून ठेवत. प्रत्येकाची शेंडी नीट विंचरलेली.

केतकी शेजारी बसली. तीही एक नारळ सोलू लागली. तिला जमेना.

“न्यायशाळेत हे शिकवत नाहीत वाटतं,” अण्णा हसले.

“अण्णा, या झाडाच्या फुलांवर तुम्ही मला वाढवलंत.”

“वाढवलं. वाढलीस. आता झाड म्हातारं झालंय. मीही झालोय.”

“म्हणून ते देऊन टाकायचं? बदल्यात काय? एक नारळ?”

अण्णांनी हातातला नारळ खाली ठेवला.

“तो पाणवठा झाला ना,” ते म्हणाले, “त्याचा नारळ मी सोलला. फोडला कुणी? पाटलांनी. ओढ्यावरचा ओंडका टाकला, त्याचा नारळ मी सोलला. फोडला पाटलांनी. सशाच्या पोरीच्या लग्नाचा, माकडांच्या आखाड्याचा, सगळे मीच सोलले. सोलायला अण्णा, फोडायला पाटील, खोबरं वाटायला माकडं. उभ्या जन्मात कुणी म्हणालं नाही, अण्णा, आज तुम्ही फोडा.”

केतकीला हे ठाऊक नव्हतं. न्यायशाळेत जमिनीची मोजणी शिकवतात, पण ही खंत मोजायची कशी, ते कुठे शिकवतात?

अण्णांनी इकडेतिकडे पाहिलं. मग ते तिच्या कानाशी आले. चोरून आणलेलं जांभूळ एखाद्या पिल्लाने मूठ अर्धवट उघडून दाखवावं, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

“तुला म्हणून सांगतो. पहिला खांब आपल्या दारात आहे. म्हणजे पहिला नारळ माझा! पाटलांच्या दारात खांबच नाही. त्यांना नुसती शाल. बगळेसाहेबांनी स्वतः सांगितलंय. पाटलांना अजून पत्ता नाही. कुणाला बोलू नकोस हं.”

आणि त्यांनी बाजूला ठेवलेल्या मोठ्या नारळाची शेंडी पुन्हा एकदा विंचरली.

मुलांनो, केतकीच्या डोक्यात त्याच क्षणी एक कल्पना आली. तुम्हाला वाटेल, वडिलांचा आनंद बघून तिचं मन बदललं. तसं नाही झालं. शिकलेल्या लोकांच्या डोक्यात कल्पना आली की त्यांना दुसरं काही दिसत नाही. तिला झाड दिसत होतं. फक्त झाड.

“आलेच मी,” ती म्हणाली.

रेडेपाटील आपल्या डबक्यात बसले होते. नाकाच्या वर तेवढे पाटील दिसत, बाकी सगळा चिखल. जंगलातले तंटे ते तिथूनच सोडवत. त्यांच्या बापाने, आजानेही तिथूनच सोडवले होते.

“पाटीलकाका, नमस्कार.”

“कोण? अण्णाची केतकी का? शिकून आलीस म्हणे. बरं झालं. काय काम काढलंस?”

“काम काही नाही. आभार मानायला आले. एवढं मोठं मन कुणाचं असतं हो?”

“ते आहेच,” पाटील म्हणाले. “पण कशाबद्दल?”

“आज पहिला नारळ अण्णा फोडणार आणि तुम्ही शाल घेऊन शेजारी बसणार. दुसरा कुणी पाटील असता तर बसला नसता.”

पाटलांचं रवंथ थांबलं.

“पहिला कुणाचा म्हणालीस?”

“अण्णांचा. पहिला खांब आमच्या दारात ना! तुमच्या दारात खांबच नाही.”

“अण्णाचा,” पाटील म्हणाले. “सोलणाऱ्याचा.”

“हो.”

“म्हणजे सोलणारा फोडणार. मग आम्ही काय, शेंड्या गोळा करायच्या?”

डबक्यातून असा काही आवाज आला की झाडावरची पाखरं उडाली. पाटील उठले होते. ते सहसा उठत नसत.

संध्याकाळी सारं जंगल अण्णांच्या दारात जमलं. ढोल वाजत होते. बगळेसाहेब पंख झटकून उभे होते. अण्णांनी मोठा नारळ दोन्ही पंज्यांत धरला होता. एवढ्यात गर्दी दुभंगली. अंगावरून चिखल निथळत पाटील आले.

“बगळेसाहेब, खांब कुठं रोवताय?”

“इथे, पाटीलसाहेब. अण्णांच्या—”

“पहिला खांब आमच्या दारात. डबक्याच्या मधोमध. रुबाबात दिसला पाहिजे.”

“पण पाटीलसाहेब, तांत्रिक कारण आहे.”

“तांत्रिक कारणाला सांगा, पाटील आलेत.”

बगळेसाहेबांनी सरड्याकडे पाहिलं. सरड्याने जमिनीकडे पाहिलं आणि जमिनीच्या रंगाचा झाला. मग मोजणीच्या खुंट्या उपटल्या गेल्या. रेष वळसा सोडून सरळ झाली. ती मुळात तशीच होती. गर्दी अण्णांच्या दारातून निघाली आणि पाटलांच्या डबक्याकडे गेली. ढोलही तिकडे गेले. जाताना माकडांनी सोललेले नारळ उचलून नेले.

मोठा नारळ तेवढा अण्णांच्या पंज्यांत राहिला. त्यांच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. केतकीचंसुद्धा नाही. ती गर्दीबरोबर पुढे पळाली होती.

पाटलांनी खुराने नारळ फोडला. एका घावात. “रेडेपाटील की जय!” माकडं ओरडली. बगळेसाहेबांनी त्यांना शाल पांघरली. मग सरडा पुढे झाला. तो प्रामाणिक नोकर होता. नारळ फुटल्यावर अटी सांगायच्या, असं त्याला शिकवलेलं होतं.

“डबकं आटवायचं आहे,” तो म्हणाला. “चिखलाच्या वाफेने काजवे विझतात. इथे लोळायचं नाही. शिंगं हलवायची नाहीत. बाकी जमीन तुमचीच.”

ढोल थांबले.

“काय आटवायचं?” पाटलांनी हळू आवाजात विचारलं.

“डबकं.”

“आमचं?”

“हवेत वाफ जाते ना त्याची,” बगळेसाहेब म्हणाले. “आणि आता आपण नारळ फोडलात, पाटीलसाहेब. रीतच आहे.”

“नारळ फोडला,” पाटील म्हणाले. “पण खोबरं कुठं खाल्लंय? खोबरं खाईपर्यंत काम मान्य होत नाही. ही खरी रीत. काय रे?”

“हीच खरी रीत!” सगळे म्हणाले. त्या जंगलात रीत सगळ्यांची होती, पण तिचा अर्थ पाटील लावत. तोंडाकडे खोबरं नेणाऱ्या एका माकडाने ते पटकन खाली ठेवलं.

पाटलांनी शिंगं खाली केली. “मला एक सांगा. ज्याची जमीन, त्याला आधी विचारायला नको?”

टाळ्यांचा कडकडाट झाला. ससा म्हणाला, “किती बरोबर बोलले!” घोरपडमावशी म्हणाली, “आमच्या मनातलं बोलले!” घुशीच्या डोळ्यांत पाणी आलं.

हेच केतकीने सकाळी दगडावर उभं राहून विचारलं होतं. पण सकाळी त्या प्रश्नाला शिंगं नव्हती.

बगळेसाहेबांनी पाय बदलला. ते सहसा पाय बदलत नसत. “आठवलं,” ते म्हणाले. “मंडळाचा असा एक नियम आहे खरा. मालकाला विचारल्याशिवाय खांब रोवायचा नाही. जुनाच नियम आहे. कुठेतरी मागे पडला होता. आता सापडला. प्रकल्प फेरविचाराला जाईल.” आणि ते उडून गेले. सरडा होता तिथेच होता, पण कुणाला दिसला नाही.

बाकीचे नारळ फुटलेच नाहीत. सगळे हिरमुसून घरी गेले. “उगाच न्हालो,” ससा म्हणाला.

“तुला नारळ तरी दाखवला,” घोरपडमावशी म्हणाली. “माझ्या नशिबी तोही नाही.”

केतकी मात्र नाचत घरी आली. मोह उभा होता. त्याची पानं सळसळत होती. एकही फांदी कमी झाली नव्हती.

“अण्णा! वाचलं! झाड वाचलं!”

अण्णा झाडाखाली बसले होते. मांडीवर नारळ होता.

“पाटलांना कुणी सांगितलं?” त्यांनी विचारलं.

केतकीचं नाचणं थांबलं. “मी.”

“हं,” अण्णा म्हणाले. “झाड वाचलं, चांगलं झालं. जमीनही वाचली. पण माझीच होती ना गं ती? मला विचारायचंस तरी.”

एवढंच म्हणून ते बिळात गेले. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांचे काटेसुद्धा उभे राहिले नाहीत.

नारळ बाहेरच राहिला.

सकाळी केतकी उठली तेव्हा अण्णा आधीच उठून बाहेर बसले होते, नारळापासून थोडे लांब, त्याच्याकडे पाठ करून. ती बिळाच्या तोंडाशी थांबून त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. सात डोंगर ओलांडून आणलेला तो पहिला नियम तिने जंगलभर सगळ्यांना सांगितला होता. एकट्या अण्णांच्या बाबतीत तिने स्वतः तो पाळला नव्हता. बगळ्याने निदान नारळ तरी दिला होता.

आणि बगळे परत येणार, हे तिला ठाऊक होतं. आता लाइन डबक्यावरून जाणार नाही. म्हणजे ती पुन्हा वळसा घेईल. म्हणजे पुन्हा मोह.

तिने ठरवलं. तिने नारळ उचलला आणि अण्णांच्या पुढ्यात जाऊन बसली.

“अण्णा, हा तुम्ही फोडायचा. पाटील नाहीत, बगळा नाही, ढोल नाहीत. पहिला तुमचाच.”

अण्णांचे डोळे चमकले. त्यांनी लगेच पंजे पुढे केले. “दे.”

केतकीने नारळ सोडला नाही.

“आधी कशाचा ते ठरवायचं. मग फोडायचा.”

“कशाचा म्हणजे?”

“बगळेसाहेब परत येतील. खांब आपल्या दारात मागतील. झाड जाईल, काटे उभारता यायचे नाहीत, बाकी जमीन आपली. तुम्हाला खांब हवा असेल तर हा खांबाचा नारळ. नको असेल तर झाडाचा.”

“झाडाचा नारळ? झाड तर माझ्या बापाने लावलं.”

“तेव्हा नारळ फोडला होता?”

अण्णांनी आठवून पाहिलं. “नाही. नारळच नव्हता तेव्हा.”

“मग तो राहिलाय. ज्याने फोडला, त्याने ते काम मान्य केलं. झाड इथेच असणार, हे काम.”

अण्णा हसले. “बगळ्याकडून शिकलीस वाटतं.” मग त्यांचं हसू ओसरलं. “आणि मी खांबाचा म्हटलं तर?”

केतकीचे काटे हलले. तिने वर मोहाकडे पाहिलं.

“तर खांबाचा फोडू. मी शेजारी उभी राहीन. कुणाला काही सांगायला जाणार नाही. अटी मात्र सगळ्या आधी वाचून दाखवीन.”

“आणि सूत्रसंचालन?”

“तेही करीन.”

अण्णांनी झाडाकडे पाहिलं. मग नारळाकडे. मग पुन्हा झाडाकडे. शेवटी त्यांनी नारळ तिच्या पंज्यांतून सोडवून घेतला आणि मांडीवर ठेवला.

“घाई करू नकोस,” ते म्हणाले. “जन्मात पहिल्यांदाच कुणी विचारतंय. जरा बसू दे मला.”

तात्पर्य: मुलांनो, जमीन वाचवायची असेल तर कायदा शिकायला सात डोंगर ओलांडू नका. पाटलाच्या डबक्याला लागून बीळ करा आणि त्याच्या मानाची काळजी घ्या. जमीनमालकाला विचारायच्या फंदात तर मुळीच पडू नका. एकदा विचारलं की तो विचार करत बसतो आणि महाराजांची आयाळ अंधारात राहते.